मराठी सिनेमाला सरकारी मदत: पैसा निर्मितीला द्यायचा की पडद्याला?

मिरजकर

मराठी सिनेमाला सरकारने पैसे द्यावेत का, हा वाद माझ्या दृष्टीने मिटलेला आहे. द्यावेत. हिंदी सिनेमाचा सगळा कारभार आपल्याच राजधानीतून चालतो. आपल्या प्रेक्षकाला हिंदी उत्तम कळतं. म्हणून मराठी सिनेमाला त्याच थिएटरात, त्याच शुक्रवारी, कितीतरी पट खर्चाच्या सिनेमाशी झुंजावं लागतं. तमिळ किंवा मल्याळम सिनेमाला स्वतःच्या घरात अशी झुंज इतक्या प्रमाणात कधी द्यावी लागली नाही. प्रश्न आहे तो पैसा नेमका कुठे घालायचा याचा.

आपली मुख्य योजना दर्जेदार चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची. सिनेमा तयार होतो, सेन्सॉर होतो, मग परीक्षण समिती तो बघते आणि गुण देते. अ दर्जा मिळाला तर ४० लाख, ब मिळाला तर ३० लाख; वर्षानुवर्षं या योजनेची ओळख याच दोन आकड्यांनी झाली आहे. पण एकदा दर्जा ठरला की तो सिनेमा किती लोकांनी पाहिला, कुठल्या गावात लागला, याच्याशी त्या रकमेचा काही संबंध उरत नाही.

पूर्वी असं नव्हतं. सत्तरच्या दशकात करपरतावा योजना आली. मराठी सिनेमाच्या तिकिटांवर जमलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण अट अशी की तो पुढच्या मराठी सिनेमात घालायचा. तिकीट विकलं तर पैसा, आणि तो पैसा पुन्हा सिनेमातच. दादा कोंडक्यांच्या काळात तालुक्याची थिएटरं का भरलेली होती, याचं सगळं श्रेय मी योजनेला देणार नाही. पण निर्मात्याला सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकाकडे बघायला लावणारी ती योजना होती.

माझं म्हणणं एवढंच की मदतीचा किमान निम्मा भाग पुन्हा तिकिटाशी बांधावा, आणि मुंबई-पुण्याबाहेर विकल्या गेलेल्या तिकिटाला जास्त वजन द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

अनघा स.

विषय महत्त्वाचा आहे, पण तिकिटाशी बांधायला माझा ठाम विरोध. ज्या सिनेमाला तिकीटबारीवर गर्दी होते त्याला मदतीची गरज कमी असते. 'कोर्ट' घ्या. पटकथेच्या टप्प्यावर त्याला आधार मिळाला तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाचा. पुढे भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. तुमच्या हिशेबाने असल्या सिनेमाच्या वाट्याला काय येणार? लिहितानाचा आधार परक्या देशातून घ्यावा लागतो, ही खरी लाजेची गोष्ट आहे. कारण आपल्याकडे जे मिळतं ते सिनेमा पुरा झाल्यावर.

विनायक_दादर

दोघांच्या मध्ये बोलतो. मी निर्मितीचे हिशेब बघतो, म्हणून आकड्यांत सांगतो.

समजा सिनेमा दोन कोटींचा आहे. ४० लाख म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. ऐकायला चांगलं. पण ते दोन कोटी मराठी निर्माता आणतो कुठून? सिनेमाला बँक सहसा दारात उभं करत नाही. खाजगीतून उचल घ्यावी लागते. महिना दीड टक्का धरला तरी दोन कोटींचं व्याज महिन्याला तीन लाख होतं. शूटिंगचा पहिला दिवस, मग एडिट, डबिंग, डीआय म्हणजे रंगांचं अंतिम काम, सेन्सॉर, मग प्रस्ताव, समितीची बैठक, निकाल, निधी. यात तेरा-चौदा महिने गेले की ४० लाख व्याजातच संपले. अनुदान सावकाराला जातं, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता प्रदर्शन. डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, ज्याला आम्ही व्हीपीएफ म्हणतो, ते बऱ्याचदा निर्मात्याच्या गळ्यात असतं. प्रत्येक पडद्यामागे, त्यातही पहिल्या आठवड्यात जास्त. म्हणजे तुम्ही जितक्या जास्त गावांत सिनेमा लावाल तितका खर्च आधी बाहेर जातो, मग खुर्चीत कोणी बसो न बसो. वर पोस्टर, जाहिरात, कलाकारांचे दौरे. त्यामुळे हात आखडता घेतला जातो आणि पडदे कमी केले जातात ते नेमके लहान गावांतले. मिरजकर, तुम्ही म्हणता तो मुंबई-पुण्याबाहेरचा प्रेक्षक इथेच सुटतो.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. रक्कम वाढवू नका. तीच रक्कम तीन हप्त्यांत द्या: पटकथा मंजूर झाल्यावर थोडी, शूटिंग संपल्यावर थोडी, उरलेली प्रदर्शनाला. आणि प्रदर्शनाचा हप्ता थेट व्हीपीएफमध्ये वळवा.

टुरिंग

माझे वडील यात्रांमध्ये सिनेमाचे तंबू लावायचे, आता मी तालुक्याच्या गावात एकपडदा थिएटर चालवतो. थिएटरच्या बाजूने कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहितो.

राज्यात नियम फार जुना आहे की वर्षातून चार आठवडे मराठी सिनेमा लावायचा. २०१५ साली मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती झाली. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं होतं, मग विरोध झाला आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. दुपारी बाराला सिनेमा लावला की नियम पाळला गेला. त्या वेळी नोकरदार माणूस कामावर असतो आणि शेतकरी रानात. तीन दिवस खुर्च्या रिकाम्या, चौथ्या दिवशी सिनेमा उतरतो, आणि "मराठीला प्रेक्षक नाही" हा शेरा कायमचा बसतो. प्रेक्षक आहे हो. 'सैराट'च्या वेळी माझ्याकडे शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं येत होती. 'बाईपण भारी देवा'ला बचत गटाच्या बायका खेळच्या खेळ राखून घेत होत्या. पण असे सिनेमे दोन-चार वर्षांत एकदा येतात. मधल्या काळात मला वीजबिल भरायचं असतं.

मल्टिप्लेक्स यावीत म्हणून सरकारने त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात मोठी सूट दिली होती. एकपडद्याला तसं काय मिळालं? जागा विकली तर बिल्डर पैसे देतो, चालवली तर तोटा. माझ्या ओळखीची किती थिएटरं आता मंगल कार्यालयं झाली. निर्मात्याला तुम्ही ४० लाख देता, पण तो सिनेमा लावायला गावात भिंतच नसेल तर?

सदानंद_प

सगळं वाचलं. कटू वाटेल, पण करदाता म्हणून विचारतो. आमच्या गावातल्या प्राथमिक शाळेचं छप्पर गळतंय. त्याच तिजोरीतून सिनेमाला पैसे का? शिवाय अनुदानापुरते सिनेमे निघतात हे सगळ्यांना माहीत आहे. खर्च कमी दाखवायचा नाही, जास्त दाखवायचा, एखादा सामाजिक विषय घ्यायचा, एक दिवस कुठेतरी प्रदर्शित करायचा आणि प्रस्ताव टाकायचा.

अनघा स.

सदानंदजी, शाळेचं छप्पर आणि सिनेमा यांत एकाची निवड करायची वेळ आली तर मीही छप्परच निवडीन. पण ती निवड खरंच समोर असते का? राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम इतकी बारीक आहे की ती काढून घेतली म्हणून शाळा दुरुस्त होणार नाहीत. भाषेवर खर्च करणं हे राज्याचं कामच आहे. पाठ्यपुस्तकं, विश्वकोश, वाचनालयांचं अनुदान आपण कधी तोट्या-नफ्यात मोजलं नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते. त्यांतल्या कितीतरी मुलांना मराठी कानावर पडते ती पडद्यावरूनच.

अनुदानापुरत्या सिनेमांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. पण त्याला उपाय समिती बळकट करणं आणि गुणपत्रिका जाहीर करणं हा आहे. कोणत्या सिनेमाला पटकथेसाठी किती, छायांकनासाठी किती गुण मिळाले, हे संकेतस्थळावर टाका. निम्म्या तक्रारी तिथेच थांबतील.

नीलेश_त्रिवेंद्रम

नोकरीनिमित्त केरळात राहतो, म्हणून इथलं सांगतो.

केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळ १९७५ चं. आपलं, म्हणजे महाराष्ट्र सरकारचं, चित्रपट महामंडळ १९७७ चं. म्हणजे दोघं जवळजवळ एका वयाचे. आपल्याकडे त्या महामंडळाने गोरेगावची चित्रनगरी उभी केली, सव्वापाचशे एकरांच्या आसपास जागा, आणि तिथे मुख्यतः हिंदी सिनेमा आणि मालिकांचं शूटिंग होतं. इथल्या महामंडळानेही चित्रांजली स्टुडिओ उभा केला, पण त्याच्याबरोबर स्वतःची थिएटरंही बांधली. तिरुवनंतपुरमच्या कैरळी, श्री, निळा या पडद्यांवर मी स्वतः सिनेमे बघतो. ती सरकारी आहेत, स्वच्छ आहेत, तिकीट परवडतं, आणि ज्या सिनेमाला मल्टिप्लेक्स दारात उभं करत नाही त्याला तिथे जागा मिळते. २०२४ च्या मार्चमध्ये 'सी स्पेस' नावाचं सरकारी ओटीटीही सुरू झालं. बघाल तेवढ्याचे पैसे, आणि उत्पन्नात निर्मात्याचा वाटा.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. महिला दिग्दर्शक आणि अनुसूचित जाती-जमातींमधले दिग्दर्शक यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहे. निवड झालेल्या पटकथेला दीड कोटीपर्यंत पैसे, आणि निर्माता स्वतः महामंडळ. म्हणजे दिग्दर्शकाला सावकार शोधावा लागत नाही. विनायक, तुमचा व्याजाचा हिशेब इथे लागूच होत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्येष्ठ मल्याळम दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी या योजनेवर टीका केली: रक्कम जास्त आहे, आधी तीन महिने प्रशिक्षण द्या, ५० लाखांत तीन सिनेमे करा. त्यावर इथे केवढं वादळ उठलं! मला अडूरांचं पटलं नाही. उच्चवर्णीय पुरुषाने पहिला सिनेमा काढताना कोणी त्याला तीन महिने वर्गात बसवत नाही. पण एक बघा, इथे वाद झाला तो पैसे कसे खर्च होतात यावर, आणि तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झाला. आपल्या योजनेवर असा वाद कुठे होतो?

मिरजकर

नीलेश, फार उपयोगी माहिती. नागराज मंजुळे यांना पहिला सिनेमा काढता आला, पण त्यांच्यासारख्या पार्श्वभूमीतून येणारी आणखी किती मुलं-मुली निर्माता न मिळाल्याने थांबली असतील? आपल्याकडे अशी स्वतंत्र तरतूद हवीच. यावर माझा तिकिटाचा आग्रह मी बाजूला ठेवतो. पहिला सिनेमा करणाऱ्याला आधी पैसे, तिकिटाची अट नाही.

पण अनघाताई, बाकीच्यांसाठी आग्रह कायम. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर आहे आणि तो त्यांच्या राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे जातो. अमेरिकन सिनेमाचं तिकीट घेतलं तरी कापला जातो. त्यातून दोन वाटा निघतात. एक आपोआप मिळणारी: तुमच्या आधीच्या सिनेमाने जितकी तिकिटं विकली त्या प्रमाणात पुढच्या सिनेमासाठी रक्कम. दुसरी निवडीने: समिती पटकथा वाचते आणि पहिल्या-दुसऱ्या सिनेमांना आधी पैसे देते. पहिली वाट म्हणजे आपलीच जुनी करपरतावा योजना, दुसरी म्हणजे तुमचं म्हणणं. दोन्ही एकत्र चालतात. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हिंदी आणि इंग्रजी तिकिटातून थोडा वाटा मराठीला आला, तर सदानंदजींच्या शाळेच्या छपराला हात लावायची गरजच नाही.

केदार सी.ए.

मिरजकर, कल्पना चांगली, पण कायद्याची बाजू बघू.

जीएसटीआधी महाराष्ट्रात करमणूक कर ४५ टक्क्यांपर्यंत होता आणि मराठी सिनेमाला तो माफ होता. ही मराठीला मिळालेली सगळ्यांत मोठी मदत होती, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही कारण ती अर्थसंकल्पात दिसत नव्हती. मराठीचं तिकीट हिंदीपेक्षा खरोखर स्वस्त ठेवता येत होतं. १ जुलै २०१७ ला ते संपलं. भाषेनुसार दर ठेवायची सोय जीएसटीत नाही. सुरुवातीला १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के आणि त्यापुढच्याला २८. जानेवारी २०१९ पासून १२ आणि १८. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे मात्र १८ कायम. म्हणजे १८० रुपयांच्या तिकिटात सुमारे २७ रुपये कर, आणि त्यातले साडेतेरा रुपये राज्याचे.

हे राज्याचे साडेतेरा रुपये परत देता येतात. जानेवारी २०२० मध्ये 'तान्हाजी' या हिंदी सिनेमासाठी मंत्रिमंडळाने नेमकं तेच केलं: थिएटरने प्रेक्षकाकडून एसजीएसटी, म्हणजे जीएसटीतला राज्याचा हिस्सा, घ्यायचा नाही, स्वतः भरायचा, आणि सरकारने त्याची भरपाई करायची. एका हिंदी सिनेमासाठी जी यंत्रणा वापरता आली ती सगळ्या मराठी सिनेमांसाठी कायमची वापरायला कायद्याची आडकाठी नाही. आणि रक्कम प्रेक्षकाला देण्याऐवजी निर्माता आणि थिएटर यांच्यात वाटली, तर ती झाली तुमची करपरतावा योजना.

फ्रान्ससारखा वेगळा कर लावायचा तर वाट अरुंद आहे, पण बंद नाही. १०१ व्या घटनादुरुस्तीने करमणुकीवरचा कर पंचायती आणि नगरपालिकांसाठी शिल्लक ठेवला आहे. तमिळनाडूने २०१७ मध्येच त्याचा वापर करून स्थानिक करमणूक कर आणला आणि तमिळ सिनेमाला इतर भाषांपेक्षा कमी दर ठेवला. कर्नाटकाने २०२४ मध्ये सिनेमा आणि सांस्कृतिक कामगारांच्या कल्याणासाठी तिकीट आणि ओटीटी वर्गणीवर एक ते दोन टक्के उपकराचा कायदा केला.

मेघा_कॉस्च्युम

कर्नाटकाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. इतका वेळ सगळे सिनेमावरच बोलत आहेत. मराठीतली सर्वांत जास्त माणसं पोट भरतात ती मालिकांवर. मी वेशभूषा विभागात आहे.

मालिकेला सरकारचं अनुदान नाही, आणि वाहिनीला ते द्यावं असं मीही म्हणणार नाही. वाहिन्यांकडे पैसा आहे. पण सेटवरच्या माणसाला काय? दिवस बारा तासांच्या पुढे जातो. पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात, हा या धंद्याचा रिवाज. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध आले आणि महाराष्ट्रात शूटिंग थांबलं, तेव्हा मालिका गोव्याला आणि सिल्वासा-दमणला हलल्या. युनिट लहान करून नेलं. स्पॉटदादा, शिलाईवाल्या बायका, लाइटमन यांतले कित्येक इथेच राहिले, बिनकामाचे. पुढच्याच महिन्यात गोव्यातही शूटिंग बंद झालं. त्या दिवसांत आम्हाला धान्य मिळालं ते कलाकारांनी आणि संघटनांनी वर्गणी काढून दिलेलं. असा कल्याण निधी आधीच असता तर तेव्हा हात पसरावे लागले नसते.

दुसरं. आता मालिकांचे सेट कोल्हापूर, सातारा, नाशिक भागात जाऊ लागलेत. तिथली मुलं कामाला लागतात, मेकअपला, कॅमेऱ्याला मदतनीस होतात आणि वर्षभरात शिकतात. कोल्हापुरात सरकारची चित्रनगरी आहेच. तिथे चांगले फ्लोअर, राहायची सोय, वीज आणि सवलतीचं भाडं दिलं तर एका सिनेमाला दिलेल्या ४० लाखांपेक्षा जास्त घरं चालतील. ज्या गावात प्रभात कंपनी सुरू झाली तिथल्या पोरांना कामासाठी गोरेगावला खोली घेऊन राहावं लागू नये.

पेडणेकर_म्हापसा

गोव्याची बाजू मांडतो. आमच्याकडे कोकणी आणि मराठी दोन्ही सिनेमांना अर्थसाहाय्याची योजना आहे. पण राज्याची लोकसंख्या २०११ ला साडेचौदा लाख. तिकिटाशी मदत बांधली तर कोकणी सिनेमा दुसऱ्या दिवशी बंद पडेल. तेव्हा मिरजकर, तुमची योजना मोठ्या राज्यापुरती ठीक.

टुरिंग यांच्यासाठी मात्र एक गोष्ट आहे. 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा आला तेव्हा निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सची वाट पाहिली नाही. कला अकादमी, रवींद्र भवन अशा सभागृहांत तिकीट लावून खेळ केले. तियात्राला, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाला, जाणारा प्रेक्षक तिथे सवयीने येतो, तोच सिनेमालाही आला. तुमच्याकडे तर जवळपास प्रत्येक शहरात नगरपालिकेचं नाट्यगृह आहे.

टुरिंग

पेडणेकर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. आमच्या नगरपरिषदेचं नाट्यगृह सोमवार ते गुरुवार बहुतेक बंद असतं. पडदा, प्रोजेक्टर आणि आवाजाची नीट व्यवस्था बसवली तर आठवड्यात आठ खेळ सहज होतील. नाटकवाल्यांची शनिवार-रविवारची तारीख हलवायची नाही, ही अट पहिली. माझ्या थिएटरचा धंदा कमी होईल असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. मराठी सिनेमा बघायची सवय गावात राहिली तरच माझंही थिएटर राहील.

परवान्याचं बघावं लागेल. सिनेमा दाखवायला १९५३ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. आगप्रतिबंधक व्यवस्था, बाहेर पडायचे दरवाजे, वायरिंग, सगळं तपासतात. नाट्यगृहात यातलं बरंच आधीच असतं. मी नगरपरिषदेला निवेदन लिहितोय. केदारसाहेब, करपरताव्यात थिएटरचा वाटा किती मागावा?

केदार सी.ए.

राज्याच्या साडेतेरा रुपयांतले चार नाट्यगृहाला, बाकी निर्मात्याला, असं मागा. नगरपरिषदेला उत्पन्न दिसलं तर ठराव लवकर होईल. आणि स्वतंत्र खातं मागा, नाहीतर रक्कम सर्वसाधारण निधीत जाईल आणि प्रोजेक्टरचा दिवा बदलायलाही मंजुरीची फाइल फिरेल.

विनायक_दादर

व्हीपीएफचं कलमही घाला. नाट्यगृहाचा प्रोजेक्टर सरकारी पैशातून येणार असेल तर तिथे निर्मात्याकडून हे शुल्क घेऊ नये. हे आधी लेखी झालं नाही तर नंतर कोणी ऐकणार नाही.

सदानंद_प

टुरिंग, खेळांची आणि तिकिटांची संख्या दर महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर लावायची, असंही लिहा. तेवढं असेल तर माझी सही घ्या.

टुरिंग

लिहितो. मसुदा रविवारी इथेच टाकतो. मेघाताई, गावातल्या मुलांना प्रोजेक्शन आणि ध्वनीचं काम शिकवण्याचं कलम तुम्ही लिहून द्याल का?

मेघा_कॉस्च्युम

देते. ध्वनिविभागातल्या एका मैत्रिणीला विचारून शनिवारपर्यंत पाठवते. मुलींसाठी निम्म्या जागा मागणार आहे.